जोसच्या कोठीत राहिलेली अमानत

वारिस हुसेन हे नाव आपल्या घरांत फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं. त्यांच्या आईचं नाव मात्र इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ठाऊक असेल: अतिया हुसेन. अवधच्या तालुकदार घराण्यातल्या, लखनौ विद्यापीठाच्या पदवीधर, आणि 1961 साली आलेल्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका. लखनौच्या एका मुस्लिम घराची, पडद्याची आणि फाळणीची ती कहाणी आहे. फाळणी झाली तेव्हा अतिया इंग्लंडमध्ये होत्या आणि पुढे तिथेच राहिल्या. त्यांचा मुलगा वारिस 1938 साली लखनौत जन्मला, केंब्रिजला शिकला आणि बीबीसीत दिग्दर्शक झाला. 1963 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, या तरुणाच्या हाती एक नवी मालिका आली. तिचं नाव ‘डॉक्टर हू’.

माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याची मुलं ही मालिका बघतात. मला त्यात पूर्वी काही रस नव्हता. पण या मालिकेचे पहिले चार भाग एका लखनौच्या मुसलमान मुलाने बसवले आहेत, हे त्याने फोनवर सांगितलं आणि मी कान टवकारले. मग वाचत गेले, तशी एक वेगळीच गोष्ट हाती लागली. ती मालिकेच्या आतली नाही. मालिका देशोदेशी कशी पोचली, घरी कशी पुसली गेली आणि दूरवरून कशी परत आली, याची ती गोष्ट आहे. ती आपल्या घरांनाही लागू पडते, म्हणून लिहिते आहे.

आधी मालिकेबद्दल थोडं. एक म्हातारा आहे, त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. त्याच्याकडे निळ्या रंगाची पोलिसांची टेलिफोनची पेटी आहे. बाहेरून कपाटाएवढी, आत गेलं की मोठी खोली. ती पेटी काळातून फिरते. कधी मागच्या शतकांत, कधी पुढच्या. हा सगळा कल्पनेचा खेळ आहे आणि तसाच तो बघायचा. गेलेली वेळ माघारी येत नाही, हे आपण पाचही वेळा अजान ऐकताना जाणतोच.

या कामाला जी माणसं लावली होती तीही त्या काळात नवलाचीच होती. निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, सत्तावीस वर्षांची. दिग्दर्शक चोवीस वर्षांचा हिंदुस्थानी. लंडनच्या लाइम ग्रोव्ह या अडचणीच्या, उकडणाऱ्या स्टुडिओत त्यांनी पहिला भाग केला. वरिष्ठांना तो पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा केला. अखेर 23 नोव्हेंबर 1963 रोजी, शनिवारी संध्याकाळी, तो दाखवला गेला. आदल्या दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांना गोळ्या घातल्या होत्या. लोकांचं लक्ष तिकडे होतं. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. त्यानंतर मात्र मालिकेने मागे वळून पाहिलं नाही.

आता ती परदेशी कशी गेली ते पाहू. तेव्हा उपग्रहावरून कार्यक्रम पाठवण्याची सोय घरोघरी पोचलेली नव्हती. बीबीसीत कार्यक्रम मोठ्या, महागड्या चुंबकीय टेपवर असायचा, आणि प्रत्येक देशाची टीव्हीची यंत्रणा सारखी नव्हती. म्हणून एक साधा उपाय होता. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर दिसतं ते 16 मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवायचं. फिल्म मात्र कुठेही चालते. तिची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत घालून परदेशातल्या केंद्रांना पाठवली जायची.

परदेशात ‘डॉक्टर हू’ पहिल्यांदा दिसली ती न्यूझीलंडमध्ये, 1964 साली. तिथे तेव्हा चार शहरांतली चार केंद्रं एकमेकांना जोडलेली नव्हती. म्हणून तीच फिल्म आधी क्राइस्टचर्चला लागायची, मग पुढच्या शहरात. एका शहरातल्या मुलाने पाहिलेला भाग दुसऱ्या शहरातल्या त्याच्या चुलतभावाला काही आठवड्यांनी दिसायचा. 1965 मध्ये मालिका ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात पोचली. नायजेरियातही ती साठीच्या दशकातच गेली. आपल्याला नायजेरिया मागासलेला वाटतो, पण तिथल्या इबादान शहरात टीव्ही 1959 सालीच सुरू झाला होता. आपलं मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला 1972 उजाडलं.

एका देशाचं दाखवून झालं की तीच रिळं पुढच्या देशाला पाठवायची, हा रिवाज होता. शेवटच्या देशाने ती लंडनला परत करायची, नाही तर नष्ट करून तसं लेखी कळवायचं. आपल्याकडे एक पुस्तक मोहल्ल्यात घरोघर फिरतं आणि कुणाच्या घरी राहिलं ते शेवटी कुणालाच आठवत नाही, तसंच हे होतं.

इकडे खुद्द लंडनमध्ये काय झालं? टेप महाग होती. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांच्या अटी होत्या. घरी व्हिडिओ बघण्याचे दिवस अजून आले नव्हते. त्यातच रंगीत टीव्ही आला आणि जुन्या काळ्या-पांढऱ्या कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग टेपा पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम भरायला सुरुवात झाली. फिल्मच्या प्रतीही फेकल्या, जाळल्या गेल्या. 1967 ते 1978 या काळात हे चाललं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. रोजचा कारभार होता. कपाटात जागा नाही, टेप लागते आहे, हे जुनं कोण बघणार, एवढंच.

पहिल्या सहा वर्षांत मालिकेचे 253 भाग झाले होते. त्यातले शंभराहून जास्त भाग बीबीसीकडे उरले नाहीत. वारिस हुसेन यांनी 1964 साली केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा त्यातलीच. एकच भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता, बाकी सहा त्यांचे. कुबलाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, वाळवंट, उंटांचे काफिले, सगळं लंडनच्या स्टुडिओत उभं केलेलं. ती फिल्म कुठेच सापडलेली नाही. उरले आहेत ते काही फोटो. त्या काळी एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलावंतांना आणि दिग्दर्शकांना विकत असे. आपल्या सहा भागांचे फोटो वारिस यांनी घेऊन जवळ ठेवले होते. संस्थेच्या दप्तरात जे राहिलं नाही, ते एका माणसाच्या घरातल्या कागदांत राहिलं.

आणि आवाज उरला आहे. साठीच्या दशकात इंग्लंडमधली काही पोरं टीव्हीच्या स्पीकरजवळ मायक्रोफोन धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर मालिका भरून घेत. मध्येच कुणी खोकायचं, आई जेवायला हाक मारायची, म्हणून घरात सगळ्यांना गप्प बसवायचं. या पोरांमुळे आज प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज ऐकता येतो. चित्र गेलं तरी बोलणं राहिलं.

बाकीचं परत आलं ते परदेशातून. 1984 साली नायजेरियातून काही भाग आले. 1992 साली हाँगकाँगच्या एका टीव्ही कंपनीकडे चार भागांची अख्खी कथा निघाली. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात एक गंमतच झाली. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही दृश्यं कापून काढली होती आणि कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जमा केले होते. भाग नष्ट झाले, तुकडे राहिले. मुलांनी बघू नये म्हणून जे बाजूला काढलं, तेच त्या भागांतलं आज बघता येतं.

1999 साली न्यूझीलंडमधल्या एका फिल्म जमवणाऱ्याकडे एक रीळ निघालं. हा भाग आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. 1965 सालच्या ‘द क्रुसेड’ या चार भागांच्या कथेतला तो पहिला भाग. डॉक्टरची पेटी बाराव्या शतकातल्या फलस्तीनमध्ये उतरते, एका बाजूला राजा रिचर्ड आणि दुसऱ्या बाजूला सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सलाहुद्दीनचं काम गोऱ्या नटाने केलं आहे, बर्नार्ड के यांनी, चेहऱ्याला रंग लावून. आज ते खटकतं आणि खटकायलाच हवं. पण सुलतान दाखवला आहे तो शांत, हुशार, तोलून बोलणारा. इंग्लंडच्या मुलांसाठी, शनिवारच्या संध्याकाळी, 1965 साली. त्या कथेचे दोन भाग आज आहेत आणि दोन नाहीत. आहेत त्यातला एक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून आला.

सगळ्यात मोठी आवक झाली ती नायजेरियातून. फिलिप मॉरिस नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ जुन्या फिल्मांचा माग काढत आफ्रिका आणि आशियातल्या टीव्ही केंद्रांत फिरत होते. कुठली रिळं कुठल्या देशात शेवटची गेली, याच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. नायजेरियाच्या मध्यभागी जोस नावाचं शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचावर, थंड हवेचं. मुसलमान आणि ख्रिस्ती दोन्ही समाज तिथे राहतात. 2001 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या, पुष्कळ माणसं मेली. त्या शहरातल्या टीव्ही केंद्राच्या कोठीत धूळ खात पडलेले पत्र्याचे डबे मॉरिस यांना दिसले. डब्यावर चिकटपट्टी होती. धूळ पुसली तर तिच्यावर ‘डॉक्टर हू’ लिहिलेलं.

1967 आणि 1968 साली लंडनमध्ये दाखवलेल्या दोन कथांची ती रिळं होती. त्यांतले नऊ भाग जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. ऑक्टोबर 2013 मध्ये बीबीसीने ते लोकांसमोर आणले आणि हरवलेल्या भागांचा आकडा 106 वरून 97 वर आला. ज्या मुलांनी ते भाग एकदाच पाहिले होते, ती आता साठीला आलेली माणसं होती. पंचेचाळीस वर्षांनी त्यांनी ते पुन्हा पाहिले.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला आमच्या नानीच्या कॅसेटी आठवल्या.

आमचं गाव दापोलीकडचं. मामू कुवेतला होते, ऐंशीच्या दशकात. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुरआन शरीफ ती पढायची, पण पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे आणि दुसऱ्यापुढे मनातलं सगळं सांगता येत नाही. मग मामूंनी टेपरेकॉर्डर पाठवला. जुम्याच्या दिवशी जेवणं झाली की दार ओढून घेऊन नानी बोलायला बसायची. आधी सलाम. मग गावात कोण आजारी, कुणाचा निकाह ठरला, आंबा किती लागला, पाऊस कधी सुटला. मग मामूंना दटावणी, नमाज चुकवू नकोस, रात्री उशिरा जेवू नकोस. शेवटी लांबलचक दुआ, प्रत्येकाचं नाव घेऊन. आपल्या कोकणी बोलीत, जी कुठे लिहिलेली नाही. कुवेतला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून ती कॅसेट जायची. त्याच रस्त्याने मामूंची कॅसेट यायची.

मामूंची कॅसेट आली की घरी दोन-तीनदा ऐकली जायची, शेजाऱ्यांना ऐकवली जायची. मग कुणीतरी त्याच कॅसेटवर नात भरायचं, कुणी कव्वाली, कुणी शादीचा शोर. कोरी कॅसेट विकत आणायला पैसे पडायचे. तेव्हा घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मामू दोन वर्षांनी सुट्टीवर येणारच होते. नानी तर समोर चुलीपाशी बसलेलीच होती. जो माणूस रोज हाक मारतो त्याचा आवाज जपून कोण ठेवतं?

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला. हजारो हिंदुस्थानी माणसं जॉर्डनच्या अम्मानपर्यंत पोचून विमानाने घरी आली. आमचे मामूही त्यांतलेच. वर्षानुवर्षांची कमाई, फ्रिज, टीव्ही, मुलांसाठी घेतलेले कपडे, सगळं तिथेच राहिलं. हातात एक पिशवी होती. पिशवीत पासपोर्ट, दोन जोड कपडे आणि टॉवेलात गुंडाळलेल्या नानीच्या तीन कॅसेटी.

नानी त्यानंतर चार वर्षांनी अल्लाहला प्यारी झाली. आज आमच्या साऱ्या खानदानात तिचा आवाज आहे तो त्या तीन कॅसेटींत. घरात झालेल्या, घरात ठेवलेल्या कॅसेटींपैकी एकही उरली नाही. उरल्या त्या परदेशी गेलेल्या. माझ्या मुलीने तिच्या पणजीला पाहिलेलं नाही, पण तिची दुआ ऐकलेली आहे. त्यात नानी म्हणते, जी अजून जन्माला आली नाहीत त्यांनाही अल्लाह खैर देवो. मुलगी ते ऐकताना म्हणाली, “अम्मी, म्हणजे ती माझ्याबद्दल बोलतेय.” मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. घरच्यांना जपायची गरज वाटत नाही, कारण वस्तू समोर असते. दूर असलेल्यांकडे तेवढंच असतं, म्हणून ते टॉवेलात गुंडाळतात. बीबीसीला पुढच्या शनिवारचा भाग हातात होता, मागचा कशाला ठेवायचा? मामूंकडे मात्र नानी नव्हती, तिचा आवाजच होता.

जोसचं मात्र थोडं वेगळं आहे. तिथल्या लोकांनी ते डबे प्रेमाने जपले होते असं म्हणता येणार नाही. कागदोपत्री ते परत जायला हवे होते, नाही तर नष्ट व्हायला हवे होते. ते फक्त राहिले. दर काही वर्षांनी कुणीतरी ती कोठी झाडली असेल, डबे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवले असतील आणि फेकले नसतील. शहरात दंगली झाल्या, माणसं बदलली, साहेब बदलले, डबे तिथेच. आपण अमानत म्हणतो तेव्हा मोठी जबाबदारी, मोठा माणूस डोळ्यांपुढे येतो. ती तशी असतेच. पण कधी कधी परक्याची वस्तू आपल्या हातून फेकली न जाणं, एवढ्यानेही अमानत पार पडते. त्या झाडणाऱ्या माणसाला आपण काय सांभाळलं हे बहुधा कधी कळलंही नसेल.

वारिस हुसेन पुढे मोठे दिग्दर्शक झाले. 1997 साली त्यांनी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबावर ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट केला. 2013 मध्ये ‘डॉक्टर हू’ला पन्नास वर्षं झाली तेव्हा बीबीसीने मालिकेच्या जन्मावरच एक नाट्य केलं. त्यात तरुण वारिसची भूमिका साशा धवन या नटाने केली. लखनौहून आलेल्या त्या मुलाची आठवण अशी इंग्लंडमध्ये पुन्हा जागी झाली. त्यांची ‘मार्को पोलो’ मात्र अजून कुठल्या कोठीत आहे की नाहीच, ते अल्लाहलाच ठाऊक.

आपल्या समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्याच्या पलीकडे गेलेली आहेत. कुवेत, बहरीन, दुबई, केप टाउन, नैरोबी, लंडन. जाताना ती काहीतरी घेऊन गेली आणि इथून त्यांना काहीतरी पाठवलं गेलं. पत्रं, फोटो, कॅसेटी, निकाहाच्या व्हिडिओ. इथे आपल्या कोकणच्या दमट हवेत फिल्मला आणि टेपेला बुरशी लागते, पत्रं वाळवी खाते, आणि जे वाचतं ते आपण साफसफाईत काढून टाकतो. तिकडे कुणाच्या तरी कपाटावरच्या बॅगेत ते अजून असेल.

म्हणून येत्या ईदला परदेशातल्या फुफीला, चाचाला, चुलतभावाला मुबारकबादीचा फोन कराल तेव्हा एक प्रश्न जास्त विचारा. आमच्या घरचं जुनं काही तुमच्याकडे आहे का? दादांचं पत्र, दादीचा आवाज, जुन्या घराचा फोटो? आणि आपल्या घरात कॅसेट निघाली तर ती लगेच मशीनमध्ये घालू नका, जुन्या मशीनमध्ये टेप अडकून तुटते. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात. ते तोडले की तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. शहरातल्या एखाद्या माहीतगाराकडून आवाज मोबाइलवर उतरवून घ्या आणि खानदानातल्या चार जणांना पाठवा, म्हणजे एकाचा मोबाइल बिघडला तरी तीन ठिकाणी तो राहील. आणि डब्यावर नाव लिहा. कोण बोलतं आहे, कुणाशी, कुठल्या सालात. जोसच्या डब्यावरची चिकटपट्टी कुणी लिहिली ते आज कुणालाच माहीत नाही, पण ती होती म्हणून डबे ओळखता आले.